घरकुलावर तयार तुळया-फळ्यांचं छत का नको?

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कारखान्यात ओतलेल्या भागांपासून उभ्या राहणाऱ्या इमारतींवरचा लेख वाचला. सिडकोने २०२२ साली नवी मुंबईत बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ घरांची १२ मजली इमारत उभी केली. चेन्नईत केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पातली १,१५२ घरंही अशाच तयार भागांची झाली. लेख मी दोनदा वाचला आणि शेडमधल्या बायकांनाही वाचून दाखवला, कारण ते आमचंच काम आहे. फक्त लेखासोबतच्या फोटोत उंचच उंच क्रेन होती, आणि आमच्याकडे क्रेन नाही. आमच्याकडे जे बनतं ते दोन माणसं उचलतात. त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी बार्शीजवळ सिमेंटच्या वस्तूंचा छोटा कारखाना चालवते. पत्र्याची शेड, एक मिक्सर, एक व्हायब्रेटरचं टेबल, लोखंडी साचे आणि पाण्याचा हौद, एवढाच पसारा. कामाला सात बायका आणि तीन पुरुष. दाराच्या चौकटी, गटारीवरचे ढापे, शौचालयाच्या खड्ड्याच्या कड्या, कंपाउंडचे खांब आणि फळ्या हा आमचा रोजचा माल. याला गावात कुणी प्रीकास्ट म्हणत नाही, ‘सिमेंटचा रेडिमेड माल’ म्हणतात. पण एका जागी ओतायचं, सावलीत पिकवायचं आणि दुसऱ्या जागी नेऊन जोडायचं, ही पद्धत तीच. गेली बारा वर्षं मी याच पद्धतीने, सिमेंटच्या तुळया आणि फळ्या ओतून नि जोडून, घराचं छतही करते आहे, आणि माझं जे म्हणणं आहे ते या छतापुरतं आहे.

माझे वडील सेंटरिंगवाले होते, म्हणजे ओला स्लॅब जमेपर्यंत त्याच्याखाली प्लेटा आणि बल्ल्यांचा आधार उभा करणारे. प्लेटा, बल्ल्या, खिळे, जुन्या पोत्यांचा ढीग, यातच आम्ही वाढलो. एका पावसाळ्यात दुसऱ्या गावी स्लॅबचं काम चालू असताना एका बाजूच्या बल्ल्या ओल्या भरावात खचल्या आणि ओला माल सळयांसकट खाली आला. वडिलांचे भागीदार खाली होते. त्यांचा पाय गुडघ्याखाली गेला. त्यानंतर वडील प्रत्येक बल्लीखाली शहाबादीचा तुकडा ठेवल्याशिवाय पुढची बल्ली उभी करायचे नाहीत. वरच्या मिस्त्रीने घाई केली तर काम सोडून यायचे. पुढे मी साच्यात फळ्या ओतायला लागले तेव्हा सगळ्यात आधी आनंद त्यांनाच झाला. माझ्यामुळे त्यांचाच धंदा कमी होणार होता, तरी ते म्हणाले, “खाली कुणी उभं राहायची गरज नसलेलं छत कर.”

आमच्या भागात या पद्धतीची खरी निकड मात्र पाण्यामुळे आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वे आमच्या बार्शीवरूनच गेली. तिचे डबे मोजायला लहान मुलांबरोबर मोठी माणसंही उभी होती. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एकाने स्लॅब टाकला होता. त्याने नियमाप्रमाणे वर मातीची आळी केली आणि टँकरचं पाणी सोडलं. खाली बायका हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर दोन इंच पाणी उन्हात चकाकत होतं. कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी त्याने पाणी मारणं बंद केलं. त्याला लाज वाटली, दुसरं काही कारण नव्हतं. त्या स्लॅबला आज भेगा आहेत आणि पावसाळ्यात खाली पातेली ठेवावी लागतात.

साधा हिशोब मांडते. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं. तेवढ्या स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायला १,२५० लिटर लागतं. एप्रिलच्या उन्हात रोज अर्धा इंच तरी उडतं किंवा कडेने झिरपतं, म्हणजे रोज ३०० लिटर. दहा दिवसांत चार हजार लिटरच्या वर पाणी एकट्या छताला जातं. भिंती आणि गिलाव्याचं पाणी वेगळं. राज्याच्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत द्यायची तरतूद झाली, ती चांगलीच झाली. पाण्याची अशी तरतूद कुठल्याच कागदावर नाही. म्हणून होतं असं, की मार्च ते मे या काळात घरकुलांचे स्लॅब पडतात आणि अर्धेअधिक तहानलेले राहतात. काँक्रिटला पहिल्या दिवसांत पाणी मिळालं नाही तर पुढे कितीही दिलं तरी ते भरून निघत नाही. ज्या घराला ५० वर्षं टिकायचं, त्याच्या छताची सळई १५व्या वर्षी गंजून बाहेर दिसते, मग ते फोडून नवं करायचं आणि पुन्हा तेवढंच सिमेंट, तेवढीच खडी, तेवढंच पाणी ओतायचं. पर्यावरणाची हानी म्हणून आपण कारखान्याची धुराडी दाखवतो. अकाली फुटणाऱ्या छताकडे तशा नजरेने कुणी पाहत नाही.

माझा हौद १२ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ४ फूट खोल आहे. त्यात आठ हजार लिटर पाणी मावतं. एका वेळी शंभरावर फळ्या त्यात उभ्या राहतात आणि १४ दिवस बुडून राहतात. वर शेडनेट टाकलं आहे. फळ्या निघतात, नव्या जातात, पाणी तेच राहतं. आठवड्याला थोडी भर घालावी लागते. शंभर फळ्या म्हणजे तीन खोल्यांचं छत. त्यांना पाणी पाजायला मला त्या गल्लीतल्या माणसासारखं कुणाच्या डोळ्यांना डोळे भिडवायचं टाळावं लागत नाही.

आता हे छत असतं कसं ते सांगते. आमच्याकडच्या जुन्या माणसांना ते समजावून सांगावंच लागत नाही. माळवदाच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी तुळया असायच्या, तुळयांवर आडवं किलचण, त्यावर चिपाडं नि पाला, आणि वर पांढरी माती. दोन तुळयांच्या मधला भाग म्हणजे खण. घर केवढं, असं कुणी विचारलं की उत्तर खणांत यायचं. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हीच मांडणी सिमेंटमध्ये बसवून कित्येक वर्षं झाली. १९९४ साली त्याचं भारतीय मानकही निघालं. मला त्याच्या झेरॉक्स प्रती सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी दिल्या. लोखंडी साच्यात तुळई ओतायची, ६ इंच रुंद, ६ इंच उंच, वरच्या अंगाला रिंगा, म्हणजे सळया बांधायच्या लोखंडी कड्या, उघड्या ठेवलेल्या. फळी ४ फूट लांब, १ फूट रुंद, कुठे सव्वा इंच तर कुठे अडीच इंच जाड. तिचं वजन ४५ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एका सिमेंटच्या पोत्याहून थोडं कमीच. १० बाय १२ फुटांच्या खोलीला २ तुळया आणि ३० फळ्या लागतात, म्हणजे तीन खण. तुळई जवळजवळ दोनशे किलोची असते, तिला पाच-सहा जण किंवा चेनपुली हवी. फळ्या मात्र शिडीवरून हातोहात वर जातात. तुळईला मध्ये एक टेकू दिला की झालं, खाली प्लेटांचं जंगल उभं करावं लागत नाही. मग फळ्यांच्या पातळ भागावर आणि तुळयांच्या उघड्या रिंगांभोवती सळया बांधून जागेवर काँक्रिट भरायचं. ते जमलं की तुळई, फळी आणि वरचा माल मिळून एकच अंग होतं.

साडेचार इंची साध्या स्लॅबला त्या खोलीत ४५ घनफूट काँक्रिट जातं. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे या पद्धतीत ते ३४-३५ घनफुटांवर येतं. जागेवर भरायचं काँक्रिट त्यातलं दहा घनफूटही नसतं, आणि ओलं ठेवायचं ते तेवढंच. तेवढ्याला ओलं गोणपाट पुरतं.

पहिलं छत मी माझ्या दिरांच्या गोठ्यावर केलं, २०१४ साली. माणसांच्या डोक्यावर घालायचं धाडस तेव्हा नव्हतं. प्राध्यापक स्वतः आले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही छतावर सिमेंटची ४४ पोती रचली आणि चोवीस तास ठेवली. खाली तुळयांच्या मध्यावर मोजपट्ट्या बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पोती उतरवल्यावर वाकलेलं जवळजवळ सगळं परत आलं. त्यांनी पाठ थोपटली, मी घरी येऊन रडले. आणि जुलैत ते छत गळलं. चूक माझी होती. भर दुपारी फळ्या न भिजवता वरचा माल ओतला होता. कोरड्या फळ्यांनी त्यातलं पाणी ओढून घेतलं आणि प्रत्येक सांध्यावर केसाएवढी भेग गेली. दिवाळीनंतर तो थर फोडून, फळ्या घासून-धुवून, रात्रभर ओल्या ठेवून, पहाटे पुन्हा भरला. तेव्हापासून तो गोठा कोरडा आहे. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या गवंड्याला सांगते, कारण या कामात फळी सहसा दगा देत नाही, सांधा देतो.

सांध्याबद्दल मी इतकी का बोलते, त्यालाही कारण आहे. माझं आजोळ उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी १२ वर्षांची होते. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. मामाच्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, दोन फूट जाड, दगड एकमेकांत न गुंतवता नुसते रचलेले. वर दरवर्षी माती चढवून जड झालेलं माळवद. भिंती बाहेर कलंडल्या आणि माळवद सरळ खाली आलं. मामी त्यात गेली. तिला बाहेर काढायला दुपार झाली, कारण ती माती उपसायलाच तेवढा वेळ लागला. माळवदाच्या गारव्याचं कौतुक मी ऐकते तेव्हा ते खरं आहे हे मला कळतं, पण माझ्याने त्यात भाग घेववत नाही.

म्हणून जोडून बांधायच्या छताचं नुसतं गुणगान मी करणार नाही. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात कच्छमध्ये त्याआधी थोड्याच काळापूर्वी बांधलेल्या प्रीकास्ट शाळांची छपरं मोठ्या संख्येने कोसळली. छताचे तुकडे एकमेकांना आणि भिंतींना पुरेसे बांधलेले नव्हते. प्रजासत्ताक दिन होता, वर्ग भरलेले नव्हते. लंडनमध्ये १६ मे १९६८ला रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली नव्या इमारतीत १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि त्या कोपऱ्यातले मजले वरपासून खालपर्यंत एकापाठोपाठ एक गेले. चार माणसं मेली. तिथेही तयार भिंती एकमेकींवर टेकवलेल्या होत्या, बांधलेल्या नव्हत्या. आमच्या पद्धतीत तुळईच्या रिंगा उघड्या ठेवायच्या, त्यातून सळई ओवायची, भिंतीवर चारी बाजूंनी काँक्रिटची पट्टी फिरवायची आणि छताची सळई त्या पट्टीत अडकवायची, हे सगळं त्यासाठीच असतं. ते टाळून कुणी फळ्या नुसत्या मांडून देत असेल तर त्याचं छत घेऊ नका. माझ्याकडून फळ्या नेऊन असं करू पाहणाऱ्या एका ठेकेदाराला मी दुसऱ्या खेपेला माल दिला नाही.

आमच्या धंद्याची गावात पत चांगली नाही, हेही मान्य करते. दोन वर्षांत मोडलेले कंपाउंडचे खांब सगळ्यांनी पाहिले आहेत. आत सळईऐवजी तार, सिमेंट कमी आणि पाणी जास्त, ओतल्याच्या तिसऱ्या दिवशी माल ट्रॅक्टरवर. चांगला माल आणि वाईट माल वरून सारखाच दिसतो, पांढरट नि गुळगुळीत. गिऱ्हाईक ओळखणार कसा? तालुक्यातल्या प्रत्येक अशा कारखान्याचे काँक्रिटचे ठोकळे २८ दिवसांनी फोडून बघायची सक्ती करा, फळ्यांवर ओतल्याची तारीख आणि कारखान्याचं चिन्ह उमटवायला लावा. मी आजही उमटवते. साच्यात खिळ्याने तारीख कोरायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

सिमेंटबद्दल थोडं. जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटच्या वाट्याला येतो. त्यातला मोठा भाग चुनखडी भाजताना दगडातूनच निघतो, म्हणजे भट्टी कशावरही पेटवली तरी तो निघणारच. त्यामुळे सिमेंट कमी वापरणं आणि त्यात औष्णिक वीज केंद्राची राख मिसळणं हे दोन रस्ते आमच्यासारख्यांच्या हातात उरतात. राख आम्हाला लांबून आणावी लागत नाही, इकडे परळी आहे आणि तिकडे सोलापूरजवळ फताटेवाडी. पण राख मिसळलेलं सिमेंट सावकाश जमतं. काँक्रिटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला १० दिवस ओलं ठेवायला सांगितलं आहे. दुकानात मिळतं ते बहुतेक मिश्र सिमेंटच, आणि घरकुलाच्या जागेवर त्याला चार दिवसही पाणी मिळत नाही. चांगली वस्तू चुकीच्या जागी वापरल्यासारखं होतं ते. हौदात १४ दिवस बुडालेल्या फळीला राख लागू पडते आणि ती पुढे घट्टच होत जाते. राखेचा पूर्ण उपयोग करून घ्यायचा तर माल सावलीत, एका जागी पिकला पाहिजे, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

मात्र या कामासाठी कुणी मोठ्या शहरात मोठा कारखाना काढून तिथून जिल्हाभर ट्रक पळवणार असेल, तर त्यात अर्थ नाही. काँक्रिट जड असतं आणि डिझेल जळतं. पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत माल पोचला पाहिजे. तालुक्याला दोन-तीन कारखाने, एवढंच याचं माप आहे. साचे लोहाराकडे बनतात. व्हायब्रेटरचं टेबल सोडलं तर मला बाहेरून काहीही आणावं लागलं नाही.

कुणी म्हणेल, गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या पोटाचं काय? घरकुलाला रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी धरली जात आली आहे, ती बुडेल का? हा प्रश्न मला आमच्याच गावच्या एका बाईने तोंडावर विचारला होता आणि तो मी हलका मानत नाही. छत सोडलं तर पाया, जोतं, भिंती, गिलावा सगळं जागेवरच होतं, त्याची मजुरी जागेवरच राहते. छताची मजुरी माझ्या शेडमध्ये येते. स्लॅबच्या दिवशी बायका काय करतात ते बघा. दिवसभर डोक्यावर मालाचं घमेलं घेऊन शिडीच्या फळीवरून वर-खाली. गरोदर बाईसुद्धा तो दिवस चुकवत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी जास्त असते. माझ्याकडच्या सात जणींपैकी चार आधी ऊसतोडीला जायच्या. सहा महिने पालात, मुलांची शाळा सुटलेली. आता त्या वर्षभर इथे आहेत. त्यातली एक सळईची जाळी अशी बांधते की सोलापूरहून आलेल्या इंजिनिअरनी तिला विचारलं, कुठे शिकलात. घमेलं वाहणारी बाई बिगारीण राहते, तिला गवंडी कुणी होऊ देत नाही. साच्यापाशी उभी राहिली की ती कारागीर होते. सहा वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर हे झालं आहे. शिवाय फळ्या-तुळया बसवायला शिकलेला गवंडी लागतोच, त्याचं काम कमी होत नाही, बदलतं.

मग अडचण कुठे आहे? मागच्या उन्हाळ्यात मी एक फळी टेम्पोत घालून एका सरकारी कार्यालयात घेऊन गेले. दोन विटांवर ती ठेवली. साहेब स्वतः वर उभे राहिले, शिपायालाही उभं केलं. फळी हलली नाही. ते मनापासून म्हणाले, “ताई, वस्तू चांगली आहे, पण एस्टिमेटमध्ये स्लॅब लिहिलाय.” त्यांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. घरकुलाचा हप्ता टप्प्याच्या फोटोवर निघतो. छताच्या फोटोत प्लेटा, बल्ल्या, ओला स्लॅब दिसायची सगळ्यांना सवय आहे. फळ्यांचं छत फोटोत अनोळखी दिसलं आणि हप्ता अडकला तर? १ लाख २० हजारांतला शेवटचा हप्ता अडकणं म्हणजे काय असतं, ते ज्याने सावकाराकडून वाळूसाठी पैसे उचललेत त्याला विचारा. माझ्याकडे येऊन, फळ्या हाताने ठोकून, पसंत करून गेलेली तीन कुटुंबं याच भीतीने परत स्लॅबकडे वळली. मी त्यांना आग्रह केला नाही. माझ्या पद्धतीसाठी त्यांचं घर पणाला लावायचा मला हक्क नाही.

त्यामुळे आपल्या दैनिकामार्फत जिल्हा परिषदांना आणि ग्रामविकास विभागाला माझी विनंती आहे, की घरकुलाच्या नमुना आराखड्यांत तयार तुळया-फळ्यांचं छत हा एक पर्याय चित्रासह छापावा. सक्ती नको, फक्त पर्याय. दरसूचीत त्याचा दर असावा, म्हणजे अभियंत्याला तो लिहिताना भीती वाटणार नाही. ग्रामीण गवंड्यांसाठी या योजनेत ४५ दिवसांचं प्रशिक्षण असतं. त्यातले चार दिवस सांधा कसा भरायचा याला द्यावेत. सुरुवात टँकरवर जगणाऱ्या तालुक्यांतून करावी, आमच्याकडून करा, करमाळ्यातून करा, भूम-परंड्यातून करा. आधी ग्रामपंचायतीची एखादी खोली किंवा अंगणवाडीचा व्हरांडा घ्या, त्यावर पोती रचून गावासमोर चाचणी घ्या. लोक पोती मोजतात आणि मग विश्वास ठेवतात, हे मी गोठ्याच्या वेळी पाहिलं आहे.

शहरातल्या उंच इमारतींबद्दल माझी काही तक्रार नाही. वाईजवळच्या पसरणीसारख्या गावातून आलेल्या बी. जी. शिर्के यांनी पुण्यात तयार भागांच्या बांधकामाचा एवढा मोठा उद्योग उभा केला, याचा मला अभिमान वाटतो. त्यांच्या कारखान्यातले सिपोरेक्सचे हलके ठोकळे मी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हाच मला वाटलं होतं, की आपल्यालाही असं काही करता येईल. मात्र शहरात हे काम पोचायला क्रेन, पैसा आणि मोठी माणसं आहेत. गावात ते पोचायचं तर कागदावरची एक ओळ लागते, आणि ती ओळ लिहिणारी माणसं आपलं वर्तमानपत्र वाचतात.

या महिन्याच्या अखेरीस माझ्या पुतणीच्या घराचं छत चढणार आहे. दोन खोल्या, ६० फळ्या. फळ्या हौदातून काढून शेडच्या मागे लिंबाखाली रचून ठेवल्या आहेत. पहिल्या दिवशी फळ्या वर जातील, दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता माल भरायला घेऊ, ऊन चढायच्या आत उरकलं पाहिजे. मधल्या रात्री फळ्यांवर पाणी मारत जागायला मी आणि पुतणी दोघी आहोत. आपल्या वार्ताहरांनी यावं. साहेबांनाही मी बोलावलं आहे, ते येतो म्हणाले आहेत.

आपली एक वाचक,
सिमेंट वस्तू उत्पादक,
बार्शी, जि. सोलापूर